मोजणी तिची, नकाशा माझा

२ जुलै

डॉक्टरांनी झोपेची गोळी द्यायचं नाकारलं. म्हणाले, रोज चार ओळी लिहीत जा. चार ओळींत काय लिहायचं, असं विचारलं तर म्हणाले, "मनात येईल ते." माझ्या मनात त्या वेळी एवढंच आलं की गोळी सोपी पडली असती.

तर चार ओळी. बायको जाऊन दोन महिने झाले. मी जेवतो, आंघोळ करतो, जिना उतरून खाली ऑफिसात बसतो. ऑफिसात काम नाही. झाल्या चार.

५ जुलै

मोजणी खात्याचं पत्र आलं. परवाना तिच्या नावावर होता, तो वर्षअखेरीला रद्द होणार. तोपर्यंत घरातल्या कोणी परीक्षा देऊन परवाना मिळवला तर ऑफिस चालू राहील, नाहीतर बंद.

घरात मी आणि सासूबाई. सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत. म्हणजे मी.

हे किती हास्यास्पद आहे ते इथे लिहून ठेवतो. एकवीस वर्षं ती जमिनी मोजत होती आणि मी तिच्या आकड्यांवरून नकाशे काढत होतो. या गावातले निम्मे प्लॉट मी काढले आहेत आणि त्यांतल्या एकावरही कधी उभा राहिलेलो नाही. मला ऊन सोसत नाही, कुत्र्यांची भीती वाटते, आणि दोन शेजारी हद्दीवरून बोलायला लागले की घरी गॅस चालू राहिल्यासारखं वाटतं. लोक उंटावरून शेळ्या हाकतात. मी तर उंटाच्या चित्रावर बसून हाकत होतो. ती म्हणायची, "तू कागदावरच राहा. तिथे सावली असते."

तिचं एक काम अर्धवट राहिलं आहे. दोन बहिणी, वडिलांचा प्लॉट, दोघींत वाटून द्यायचा. तिने अर्ध्या खुंट्या ठोकल्या आणि अंगात ताप घेऊन घरी आली. काल त्या बहिणींतल्या थोरलीचा फोन आला होता. "आम्ही वर्षअखेरीपर्यंत थांबतो," म्हणाली. "बाईंनी ठोकलेल्या खुंट्या उपटवत नाहीत." मी "बरं" म्हणालो. फोनवर मी "बरं"च्या पुढे जात नाही.

९ जुलै

पलीकडचे येऊन गेले. चौकापलीकडे त्यांचंही मोजणीचं ऑफिस आहे, म्हणून आमच्या घरात ते पलीकडचे. चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाले, "वहिनींचं यंत्र कुठे आहे?"

"पेटीत."

"पेटीत ठेवू नका. भिंगाला बुरशी धरते. आठवड्यातून एकदा उघडून हवा दाखवा." चहा संपवून म्हणाले, "आणि विकायची वेळ आलीच तर आधी मला सांगा. भलत्याच्या हातात देऊ नका."

ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक मी पाहिले आहेत. यांनी भांडं सरळ पुढे केलं.

ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "रडून आला होता वाटतं बिचारा." मला मात्र ते पेटी कुठे दिसते का हे बघताना दिसले.

१४ जुलै

क्लास लावला. टायरच्या दुकानावर एक लांबट खोली, तीत माझ्या निम्म्या वयाचे विद्यार्थी. दारातच सरांनी विचारलं, "या काका. कोणाला सोडायला आलात?"

"मलाच."

पूर्ण वर्गाला मी एका दिवसात काका झालो. सर माझ्या पुतण्याएवढे आहेत. त्यांनी फळ्यावर काढलेली आकृती वाकडी होती. मी उठून सरळ करून दिली. हात दाखवून अवलक्षण. आता रोज आकृत्या मीच काढायच्या.

२८ जुलै

गणित जमतं. कायदा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सासूबाई चष्मा लावून पुस्तक हातात घेतात आणि जेवणाआधी माझी उजळणी घेतात.

"हद्दीचा दगड हलवला तर काय?"

"गुन्हा."

"ते मलाही कळतं. शिक्षा किती?"

मी छताकडे पाहिलं.

"छतावर नाही लिहिलेलं, जावईबापू. पान अठ्ठेचाळीस."

पुढच्या पानावर एक कलम आहे, मोजणी चालू असताना अर्जदार मयत झाल्यास काय करावं. वारसांना नोटीस, मग फेरतारीख, सगळं व्यवस्थित दिलं आहे. मोजणी करणाराच मयत झाल्यास काय, ते दिलेलं नाही. मी पुढची-मागची दहा पानं शोधली. सासूबाईंनी भात वाढला.

३ ऑगस्ट

इथेच घोडं पेंड खातंय. लेखी परीक्षेनंतर प्रत्यक्ष मोजणीची परीक्षा असते आणि मी यंत्र तिपाईवर चढवलेलंही नाही. यंत्राने नेम धरायचा तो समोरच्या आरशाच्या काठीवर; सरावासाठी ती धरून उभा राहणारा माणूस लागतो. तिचा काठीवाला आता पलीकडच्यांकडे कामाला आहे. मी सासूबाईंना म्हणालो, "माणूस मिळेपर्यंत थांबावं लागेल."

"मी धरते."

"आई, तुमचा गुडघा."

"गुडघा चालताना दुखतो. काठी धरून चालायचं असतं की उभं राहायचं असतं?"

यावर पुस्तकात उत्तर नाही.

४ ऑगस्ट

शाळेमागचं मैदान. सकाळ. यंत्र समपातळीत आहे की नाही ते एक बुडबुडा सांगतो, तो मधोमध आला पाहिजे. माझा बुडबुडा मधोमध सोडून सगळीकडे फिरून आला. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी मैदानाला दोष दिला. सासूबाई लांबून छत्री घेऊन उभ्या होत्या. एका हातात छत्री, दुसऱ्यात काठी, पदर खोचलेला. भिंगातून पाहिलं तर त्या उलट्या नाही दिसल्या, एवढंच माझं यश.

येणारे-जाणारे थांबायला लागले. एकाने त्यांना विचारलं, "काय मावशी, रस्ता होतोय का?"

"चार पदरी," सासूबाई म्हणाल्या.

मला ओरडून नाही म्हणायचं होतं, पण एवढ्या लोकांसमोर ओरडणं मला जमत नाही.

६ ऑगस्ट

शिंपी, सायकलवाला आणि पिठाच्या गिरणीच्या मालकीणबाई एकत्र ऑफिसात आले. त्यांच्या पायऱ्या रस्त्यात जातात का, एवढंच त्यांना हवं होतं. मी अर्धा तास समजावलं की रस्ता नाही, परीक्षा आहे. गिरणीवाल्या बाई जाताना म्हणाल्या, "सांगू नका, पण पायरी तेवढी वाचवा." इतक्या महिन्यांत ऑफिसात पहिल्यांदाच माणसं बसली. सासूबाईंनी सगळ्यांना चहा दिला. मी त्यांच्यावर रागावणार होतो, ते राहून गेलं.

१८ ऑगस्ट

मेहुण्यांचा फोन. आईला न्यायला येतो म्हणाले, इथे आता तिचं कोण आहे. फोन मोठ्या आवाजात होता, मी शेजारीच बसलो होतो. सासूबाई म्हणाल्या, "यांची परीक्षा होऊ दे, मग बघू."

मला त्यांचं कळतं. मी नापास होताना त्यांना प्रत्यक्ष बघायचं आहे. लग्नात त्यांनी मला विचारलं होतं, "रेघा ओढण्याशिवाय दुसरं काय करता?" तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

रोज सकाळी मैदानावर येतात त्या. यंत्राची पेटी मला एकट्याला उचलू देत नाहीत. विश्वास नसणारच. पेटी तिची आहे.

२ सप्टेंबर

आज माझी फजिती झाली. नीट लिहितो.

परीक्षेत पाच खुणांची फेरी मोजायची असते. पहिल्या खुणेवरून निघायचं, पाचही कोन मोजायचे, पुन्हा पहिलीवर यायचं. यंत्र आकडे साठवतं, पण परीक्षेत ते हाताने लिहायचे असतात. पाच कोनांची बेरीज पाचशे चाळीस अंश यायला हवी. प्रत्यक्षात थोडा फरक उरतोच, तो नियमात बसला की झालं. गेल्या आठवड्यात मैदानावर माझी फेरी पूर्ण झाली आणि फरक आला शून्य. मी कागद मोठ्या ऐटीत सरांपुढे ठेवला.

सरांनी पाहिलं, परत पाहिलं. "काका, घरी बसून काढलंत?"

"मैदानावर मोजलं. विचारा सासूबाईंना."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "जमिनीवर शून्य येत नाही. कोणाला येत नाही. परीक्षकाने हा कागद पाहिला तर बेरीज बघायच्या आधी तुम्हाला घरी पाठवेल."

घरी येऊन यंत्रातले आकडे काढून पाहिले. चार कोन बरोबर लिहिले होते. पाचव्या कोनावर यंत्र एक आकडा दाखवत होतं आणि मी दुसरंच लिहिलं होतं. मुद्दाम नाही. चार कोनांची बेरीज मनात झालेलीच होती, पाचवा किती उरतो ते मला आधीच माहीत होतं. डोळ्यांनी दाखवलेलं मी वाचलंच नाही. हाताने जे जुळतं ते लिहून टाकलं. एकवीस वर्षं या हाताने रेषा जुळवल्या आहेत, त्याला दुसरं काही येत नाही.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे नापास होण्याइतकं बरोबर आलं तुमचं?"

३ सप्टेंबर

नवा नियम. मैदानावर बेरीज करायची नाही. कॅल्क्युलेटर सासूबाईंच्या पिशवीत, घरी आल्यावर मिळणार. मनातल्या बेरजेचं काय, असं मी म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "मी बोलत राहते. तुम्हाला दोन गोष्टी एकदम कुठे जमतात?"

आणि खरंच काठी धरून बोलत राहिल्या. कुठल्या कुठल्या गोष्टी. तिसऱ्या खुणेवर म्हणाल्या, "ती मला सांगायची, यांनी काढलेला नकाशा बघितला ना आई, की वाटतं माझ्या हातून कधी चूक होतच नाही."

ती हे कौतुकाने म्हणायची की तक्रारीने, ते विचारायला हवं होतं. तिला. मी पुढच्या खुणेवर गेलो. आज फरक आला आणि तो नियमात बसला नाही. सासूबाई खूश झाल्या. माझं चुकलेलं त्यांना आवडतं, हे आता सिद्ध झालं.

१२ ऑक्टोबर

लेखी परीक्षा झाली. गणिताचा पेपर लवकर सुटला. कायद्यात हद्दीचा दगड आला होता. पान अठ्ठेचाळीस डोळ्यांसमोर आलं, पण त्यावर सासूबाईंचा अंगठा होता.

५ नोव्हेंबर

लेखीत पास. कायद्यात काठावर. सरांनी वर्गात टाळ्या वाजवायला लावल्या, मी फळा पुसायला उठलो.

पलीकडच्यांनी निरोप पाठवला की प्रत्यक्ष परीक्षेत यंत्र आपलं न्यायचं असतं, तर एकदा त्यांच्याकडे तपासायला द्या. मी दिलं नाही. दोन दिवसांनी ते स्वतःच येऊन आमच्याच टेबलावर तपासून, तिपाईचा ढिला स्क्रू आवळून गेले. विकत घ्यायच्या वस्तूची माणूस काळजी घेणारच.

२३ नोव्हेंबर

प्रत्यक्ष परीक्षा.

मोठं मोकळं मैदान, आम्ही बरेच उमेदवार, प्रत्येकाच्या पाच खुणा वेगळ्या रंगाच्या. प्रत्येकाला खात्याचा एक काठीवाला. माझा काठीवाला उंच, गंभीर माणूस होता. त्याला बोलायची परवानगी नव्हती. सासूबाई कुंपणाबाहेर छत्री घेऊन उभ्या होत्या. तिथून त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तरी तोंड हलताना दिसत होतं.

मी बेरीज न करता पाच कोन लिहिले. मग सावलीत बसून बेरीज केली. दोन अंशांपेक्षा जास्त फरक. दोन अंश म्हणजे नियमाच्या बाहेर नव्हे, गावाच्या बाहेर. एवढ्या फरकात अख्खी बैलगाडी वळते.

वेळ थोडा उरला होता. पाचव्या कोनातून तेवढा फरक काढला की सगळं जुळत होतं. परीक्षक लांब होते. पेन्सिल हातात होती आणि हात आपण होऊन त्या आकड्याकडे निघाला होता. हे मी नीतिमान आहे म्हणून लिहीत नाही. मला भीती वाटली की शून्य आलं तर घरी पाठवतील. आणि दुसरंही एक वाटलं. एवढा मोठा फरक माझ्या आळसाने होत नाही, त्याला काही कारण असणार. ती असती तर तिने कारण शोधलं असतं. मी आतापर्यंत कारण कधी शोधलं नाही, मी फरक लपवायची जागा शोधली.

यंत्र उचलून परत गेलो. पहिली खूण ठीक, दुसरी ठीक. तिसरीवर भिंगातून पाहिलं तर समोर दोन काठ्या, शेजारीशेजारी. मघाशी मी ज्या काठीवर नेम धरला होता ती दुसऱ्याच उमेदवाराची होती. माझा काठीवाला तिच्या बाजूला, मान तिरकी करून, माझ्याकडे बघत उभा होता.

जुना आकडा एका रेघेने खोडला, बाजूला लिहिलं "चुकीची काठी पाहिली", नवा कोन लिहिला. बेरीज केली. फरक उरला, बारीकसा. तो तसाच लिहिला आणि कागद दिला.

काळा चष्मा लावलेले परीक्षक म्हणाले, "ही खाडाखोड कशाला? कोरा कागद मागायचा."

"कोऱ्या कागदावर पहिल्यांदाच बरोबर आल्यासारखं दिसलं असतं."

त्यांनी चष्मा वर केला. "पहिल्यांदा परीक्षा देताय?"

"हो."

"वाटलंच."

यातून काय समजायचं ते समजत नाही. बाहेर पडताना काठीवाला पहिल्यांदा बोलला. "साहेब, तुम्ही तिकडे बघत होता तेव्हा मी खोकलो होतो."

"मला वाटलं तुम्हाला सर्दी आहे."

सासूबाईंनी रिक्षात सगळं ऐकून घेतलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या. घरी पोचेपर्यंत हसत होत्या. शेवटी शेवटी ते हसणं आहे की काय, ते मला बाजूने नीट दिसलं नाही.

१० डिसेंबर

पास. परवाना दोन दिवसांत येणार.

योगायोगाने मेहुणे आजच आले, गाडी आणि एक मोठी रिकामी बॅग घेऊन. "अभिनंदन दाजी," म्हणाले. "चल आई, आता परीक्षाही झाली."

"काठी कोण धरणार?" सासूबाई म्हणाल्या. "त्या दोघी बहिणींचा प्लॉट आहे पुढच्या आठवड्यात."

"आई, माणूस ठेवतील ते."

"ठेवतील. बोलायला लाजतील, मग तो माणूस खोकेल, यांना सर्दी वाटेल."

मेहुण्यांना काही कळलं नाही. बॅग ठेवून गेले, प्लॉट झाला की आई भरून ठेवेल म्हणाले. बरोबर आहे. लेकीचं शेवटचं काम पुरं झालं की त्या जाणार. मी मध्ये पडणारा कोण?

१६ डिसेंबर

प्लॉट मोजला. तिच्या खुंट्या गवतात गेल्या होत्या. डोकी लाल रंगवायची तिची सवय होती, त्यावरून सासूबाईंनीच आधी शोधल्या. पहिली सापडल्यावर त्या तिच्याशेजारी खाली बसल्या. मी यंत्र लावायला फार वेळ घेतला. मुद्दाम.

नियम असा की ज्याची सही त्याने सगळं मोजायचं. म्हणजे तिने मोजलेला भागही मला पुन्हा मोजावा लागला. धाकट्या बहिणीने चटई आणून दिली. म्हणाली, "मध्ये आम्ही त्या चौकापलीकडच्या सरांकडे गेलो होतो. त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, या खुंट्या ज्या घरच्या, तेच घर काम पुरं करेल, थोडं थांबा."

आळशी माणूस. गवतात शिरायला नको म्हणून.

संध्याकाळी तिचे आकडे यंत्रातून काढून माझ्या आकड्यांशेजारी ठेवले. बहुतेक रेषा जुळतात, केसाएवढा फरक. एका रेषेत बोटाएवढा आहे. कोणाची चूक, ते आता ठरवता येणार नाही. नकाशात माझा आकडा जाईल. तिचा मी पुसला नाही. यंत्रात जागा पुष्कळ आहे.

सासूबाईंनी मेहुण्यांच्या बॅगेत खुंट्या, हातोडी आणि लाल रंगाचा डबा भरून ठेवला आहे. आता कपडे कुठे मावणार? आणि मेहुणे मलाच बोलणार.

१९ डिसेंबर

नकाशा पूर्ण केला. खालच्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात. एक "मोजणी", एक "रेखाटन". दुसऱ्या चौकटीत मी इतकी वर्षं डोळे मिटून नाव लिहीत आलो. आज पहिल्या चौकटीपाशी बराच वेळ बसलो. शेवटी दोन्हीकडे लिहिलं आणि सहीआधी बघून घ्या म्हणून नकाशा सासूबाईंना दाखवला.

त्यांनी चष्मा लावून खालून वर पाहिला. "दोन्हीकडे तुमचंच नाव?"

"मोजलं मी, काढलं मी."

"मग भांडणार कोणाशी?"

 आम्हा नवरा-बायकोची नकाशावरची भांडणं वरच्या खोलीत त्यांना ऐकू जायची. हा कोपरा असा कसा? जमिनीवर आहे तसा. कागदावर बरा दिसत नाही. मग कागद बदल. एकवीस वर्षं.

मी म्हटलं, "तुमच्याशी. राहिलात तर."

त्यांनी नकाशा आणखी जवळ घेतला, तिसऱ्या कोपऱ्यावर नख टेकवलं आणि म्हणाल्या, "हे चुकलंय. मी काठी इथे धरलीच नव्हती. दगडाच्या अलीकडे धरली होती."

"आई, आकडे इथेच सांगतात."

"काठी आकड्यांनी धरली होती का?"

मी म्हटलं दगडाच्या पलीकडे, त्या म्हणाल्या अलीकडे. जेवण गार झालं. सही राहिली. उद्या सकाळी परत जाऊन बघावं लागणार.